झाडपाल्याने जंतुसंसर्ग बरा होतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात, फोंडा तालुक्यात राहते आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शेजारीपाजारी, विद्यार्थ्यांचे पालक, देवळात भेटणाऱ्या काकू-मावश्या, सगळ्यांचे माझ्याकडे दोनच प्रश्न असतात: आमच्या बाबल्याला मार्क कमी का पडले, आणि अमक्या पाल्याचा रस घेतला तर चालेल का? पहिल्याचं उत्तर बाबल्याला विचारा. दुसऱ्याची इथे एका जागी घातली आहेत. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. जंतू वाढवणं आणि ते कशाने मरतात हे बघणं एवढंच माझं काम. आजारी माणसाला काय द्यायचं ते त्याला तपासणाऱ्यानेच ठरवावं.

निसर्गातल्या पदार्थांनी जिवाणूंचा संसर्ग खरंच बरा होतो?

होतो, आणि रोज होतो. फार्मसीतली बहुतेक अँटिबायोटिक्स मुळात निसर्गातलीच आहेत. पेनिसिलिन बुरशीतून आलं, १९२८ मध्ये. क्षयावरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. एरिथ्रोमायसिनची माती फिलिपिन्सची, व्हँकोमायसिनची बोर्निओची. सेफॅलोस्पोरिन गटाची कथा तर इटलीच्या सार्डिनिया बेटावर, जिथे शहराचं सांडपाणी समुद्राला मिळत होतं तिथल्या बुरशीपासून सुरू होते. टेट्रासायक्लिन गटातलं पहिलं औषध १९४८ मध्ये ज्या कंपनीतून बाहेर आलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आणि आपल्या शेजारी, पुण्याजवळ पिंपरीत, १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनच्या बुरशीच्या जोरावर.

घरातली मलमाची ट्यूब काढून बारीक अक्षरं वाचा. म्युपिरोसिन असेल तर ते स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूने बनवलेलं. फ्युसिडिक आम्ल असेल तर बुरशीचं. निओमायसिन असेल तर मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचं. ‘मी इंग्रजी औषध लावत नाही, फक्त नैसर्गिक’ असं सांगणाऱ्यांच्या कपाटातही यातली एखादी ट्यूब असतेच.

सगळीच अशी नाहीत. सल्फाची औषधं, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड ही माणसाने प्रयोगशाळेत रचलेली. अमोक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही मधली: गाभा निसर्गाचा, वरचे फेरफार माणसाचे.

मातीतले जंतू एवढी औषधं देतात, मग झाडांनी का दिली नाहीत?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

झाडालाही जिवाणू लागतात. ते पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे स्वतःचं रक्षण करणारी शेकडो रसायनं ते बनवतं. पण आजवर एकाही झाडाने पोटात घ्यायचं किंवा सुईने द्यायचं असं अँटिबायोटिक दवाखान्याला दिलेलं नाही. हिवतापावरची औषधं झाडांनी दिली, क्विनिन आणि आर्टेमिसिनिन, पण हिवताप जिवाणूमुळे होत नाही, तो परजीवीचा आजार.

कारण आकड्यात दिसतं. जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती पदार्थ लागतो ते आम्ही मोजतो. चांगल्या अँटिबायोटिकला एका मिलिलिटरमागे एखादा मायक्रोग्रॅम पुरतो, कधी त्याहूनही कमी. झाडातल्या बहुतेक पदार्थांना शंभर ते हजार मायक्रोग्रॅम लागतात. एवढं प्रमाण रक्तात गाठायचं म्हटलं तर जंतूआधी माणसालाच त्रास होईल.

मग झाडाचं कसं भागतं? ते एकाच हत्यारावर विसंबत नाही. दारुहळदीत बर्बेरिन हा पिवळाधमक पदार्थ असतो. तो गळवं आणणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूत शिरतो, पण जिवाणूच्या आवरणात पंप असतात आणि होडीत आलेलं पाणी उपसावं तसे ते बर्बेरिन बाहेर टाकतात. दारुहळदीच्याच बर्बेरिस कुळातल्या झुडपांचा अभ्यास करताना २००० मध्ये संशोधकांना दिसलं की तेच झुडूप आणखी एक पदार्थ बनवतं. तो स्वतः जंतूला मारत नाही, फक्त पंप बंद पाडतो. दोन्ही एकत्र आले की बर्बेरिनचा जोर कितीतरी वाढतो. म्हणजे झाडातून एकच ‘मुख्य घटक’ वेगळा काढून कॅप्सूलमध्ये भरला, तर खरी करामत चोथ्यातच राहून जाण्याची शक्यता असते. आयुर्वेदाचे लोक पूर्ण वनस्पती वापरण्याबद्दल बोलतात तेव्हा मी मान हलवते ती या कारणाने. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे, आणि हा पंपबंद करणारा पदार्थही अजून औषध म्हणून बाजारात आलेला नाही.

पण ‘अमुक पानाने जंतू मरतात हे प्रयोगशाळेत सिद्ध’ अशी बातमी मी वाचली.

वाचली असणारच. आमच्या बी.एस्सी.च्या मुलांच्या प्रकल्पांतूनही दरवर्षी हे ‘सिद्ध’ होतं.

प्रयोग असा. काचेच्या उथळ ताटलीत खरवसासारखा थिजलेला अगार असतो. त्यावर जंतू पसरायचे, अगारला छोटी भोकं पाडायची, भोकात पाल्याचा अर्क घालायचा आणि ताटली रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी सगळीकडे जंतूंची पांढुरकी साय आलेली असते आणि भोकाभोवती स्वच्छ गोल दिसतो. पट्टीने त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. पहिल्यांदा तो गोल बघणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता खोच. अर्क मिथेनॉलमध्ये काढला असेल आणि मिथेनॉल पुरतं उडून गेलं नसेल, तर जंतू मिथेनॉलने मेले. भिरंडाचं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, सरळ ओतलं तर ते इतकं आंबट असतं की नुसत्या आम्लानेही गोल पडतो. लिंबू घातलं तरी पडेल. शेजारच्या भोकात नुसता द्रावक किंवा तेवढंच आंबट पाणी घालून तुलना केली आहे का, हे म्हणून आधी बघायचं. उलटही घडतं. तेलकट पदार्थ अगारमध्ये पसरतच नाही, गोल चिमुकला येतो आणि चांगला पदार्थ नापास होतो. म्हणून गोलावर न थांबता किमान प्रमाण मोजावं लागतं.

आणि ताटलीत यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, आतडं नसतं. पोटात गेलेला पदार्थ पचतो, यकृतात मोडतो, लघवीवाटे जातो. फुप्फुसात किंवा हाडात बसलेल्या जंतूपर्यंत त्यातलं किती पोहोचतं? बातमीत हे सहसा नसतं. ब्लीचनेही ताटलीतले जंतू मरतात.

हळद तरी मान्य कराल ना?

मान्य करेन, पण जपून. हळदीतलं कर्क्युमिन ताटलीत स्टॅफिलोकॉकसला रोखतं, साधारण शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमच्या घरात. आता पोटाचा हिशोब. हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत शंभरएक मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं शोषलं जात नाही आणि शोषलेलं यकृत लगेच मोडून टाकतं. १९९८ मध्ये भारतात झालेल्या प्रयोगात लोकांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात नावालाच सापडलं. मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिल्यावर प्रमाण वीसपट झालं. वीसपट ऐकायला छान वाटतं, पण तेही जंतू रोखायला लागणाऱ्या प्रमाणाच्या शेकडो पट खालीच होतं.

कर्क्युमिनची आणखी एक खोड आहे. ते स्वतः रंगीत, प्रकाशात चमकणारं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं. त्यामुळे अनेक चाचण्यांत नसलेला परिणाम असल्यासारखा दिसतो. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्यांचा धांडोळा घेतला आणि त्यात कसोटीला पूर्ण उतरलेलं यश त्यांना सापडलं नाही.

जखमेवर हळद दाबण्याच्या परंपरेला मी नाक मुरडत नाही. तिथे पदार्थ थेट जागेवर पडतो, रक्तातून प्रवास करायचा नसतो. उथळ ओरखड्याला ठीक. खोल जखमेत मात्र स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद भरू नका. ती निर्जंतुक नसते, आणि टाके घालताना डॉक्टरांना ती खरवडून काढत बसावं लागतं. गंजकं लोखंड, खिळा, शेतातली माती असं काही लागलं असेल तर धनुर्वाताची सुई घ्यावी.

हळदीने जखम भरते या ‘शोधा’वर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते लढवलं आणि १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते रघुनाथ माशेलकर, जन्म आपल्या माशेलचा. याचा अभिमान बाळगाच. फक्त त्या लढाईत मुद्दा एवढाच होता की हे ज्ञान नवं नाही, आम्हाला आधीपासून ठाऊक आहे. हळद कुठल्या संसर्गावर किती चालते, याचा निवाडा पेटंट कार्यालयाने केलेला नाही.

सोलकढी प्यायल्याने पोटातले जंतू मरतात?

सोलकढी जेवणानंतर प्यावी कारण ती उत्तम लागते. भिरंडाच्या सालीत गार्सिनॉल असतं आणि ते ताटलीत मेथिसिलिन या अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवरही चालतं, त्यावर संशोधन झालं आहे. पण जुलाबात रक्त पडत असेल तर आगळावर भागवू नका. तिथे आधी ओआरएस आणि मग डॉक्टर.

काजूच्या बोंडाचं, बियांचं काय? आणि फेणीने जखम धुतली तर?

काजू हा आपल्याकडचा खरा उमेदवार. बीच्या टरफलातल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल असतं. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सवर आणि स्टॅफिलोकॉकसवर ते झाडांच्या मानाने खूपच प्रभावी ठरतं. ई-कोलायसारख्या, बाहेरून जादा आवरण असलेल्या जिवाणूंवर मात्र त्याचं फारसं चालत नाही. गंमत अशी की बिया भाजल्या की हे आम्ल मोडतं आणि त्याचं कार्डॅनॉल होतं. म्हणजे काजूच्या कारखान्यात भाजून निघालेल्या तेलात ज्या पदार्थाबद्दल शोधनिबंध लिहिले जातात तो फारसा उरतच नाही. न भाजलेल्या टरफलाच्या तेलात तो असतो, पण सोबत कातडी जाळणारं कार्डॉलही असतं. बिया सोलणाऱ्या बायकांचे हात बघितलेत? भेगाळलेल्या टाचांना हे तेल लावणारी जुनी माणसं मला माहीत आहेत. टाचेची कातडी जाड असते म्हणून निभावतं. उघड्या जखमेवर, गळवावर, लहान मुलाला अजिबात लावू नका. बिब्बाही याच कुळातला, त्यालाही हेच लागू.

फेणीत मद्यार्क साधारण ४२ ते ४५ टक्के असतो. जंतुनाशक म्हणून तो ६० ते ९० टक्के लागतो, तेव्हा फेणी नापास आणि तिच्याहून सौम्य हुर्राकाचं नावच काढायला नको. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. फेणीचं ज्याला जे करायचं ते त्याने करावं, पण जखमेवर वाया घालवू नये.

लसूण?

लसणीच्या अखंड पाकळीत जंतू मारणारं ॲलिसिन नसतंच. पेशीत एकीकडे ॲलिइन असतं, दुसरीकडे ते बदलणारं एन्झाइम. पाकळी ठेचली की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. १९४४ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. उकळत्या तेलात अख्खी पाकळी टाकली तर एन्झाइम आधीच निकामी होतं, म्हणून फोडणीतली लसूण चवीपुरतीच. कच्ची ठेचून खाल्ली तर ॲलिसिन पोटात जातं, पण रक्तात पोहोचताच रक्तपेशींतल्या गंधकाच्या संयुगांशी संयोग पावून संपतं. फुप्फुसाचा किंवा लघवीचा संसर्ग त्याने बरा होईल असं मानायला जागा नाही. आणि कच्ची लसूण कातडीवर बांधून ठेवली की भाजल्यासारखे फोड येतात.

जाता जाता: इंग्लंडमध्ये हजारएक वर्षांपूर्वीची डोळ्यांच्या औषधाची एक कृती आहे. लसूण, कांद्याच्या जातीतली आणखी एक भाजी, दारू आणि गाईचं पित्त, नऊ रात्री भिजवून. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ती तंतोतंत बनवली, तर हट्टी स्टॅफिलोकॉकस मेला. एखादा घटक वगळला की तेवढा परिणाम मिळेना. बर्बेरिनसारखीच गोष्ट. घरी डोळ्यात घालून बघू नका!

मध?

घरगुती पदार्थांत सर्वांत भक्कम पुरावा मधाचाच आहे. मधात पाणी विसेक टक्क्यांच्या आतच असल्यामुळे जंतूंचंच पाणी शोषलं जातं. तो आम्लधर्मी असतो. आणि मधमाशीने त्यात घातलेलं एन्झाइम, जखमेतल्या ओलाव्याने मध पातळ झाला की, हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत राहतं. न्यूझीलंडच्या मानुका मधात मिथाइलग्लायऑक्झल हा आणखी एक जंतुनाशक पदार्थ भरपूर असतो. वरवर भाजलेल्या जखमा मधाच्या पट्टीने काही नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा लवकर भरतात, असं २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, दिसलं.

पण रुग्णालयात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. रानातून आणलेल्या किंवा बाजारातल्या बाटलीतल्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. तो जखमेत भरू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवूच नका, बोटभरही नाही. त्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होतो. बारशाला मध चाटवायची पद्धत आहे हे ठाऊक आहे मला. तरीही नको.

लवंग, तुळस, खोबरेल?

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दंतवैद्य झिंक ऑक्साइडमध्ये कालवून आजही वापरतात. ठणक थांबली म्हणजे कीड गेली असं नव्हे. मुलांच्या पोटात लवंगेचं तेल जाऊ देऊ नका, यकृताला इजा होते. तुळशीतही युजेनॉल असतं, पण कसायात (काढ्यात) ते फार थोडं उतरतं. खोबरेलात लॉरिक आम्ल जवळजवळ निम्मं. कोरड्या, खाजऱ्या त्वचेवरचे स्टॅफिलोकॉकस त्याने कमी झाल्याचं फिलिपिन्समधल्या एका अभ्यासात दिसलं आहे. पिकलेल्या गळवावर त्याचा उपयोग नाही.

गजकर्णावर टाकळ्याचा पाला लावतात ते?

गजकर्ण बुरशीने होतं, जिवाणूने नाही. तो या प्रश्नोत्तरांचा विषय नाही.

कावीळ झाली तर गावठी औषधच बरं, असं सगळे म्हणतात. खरं का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कावीळ हे लक्षण आहे. डोळे पिवळे होण्याची कारणं अनेक. त्यातली हिपॅटायटिस-ए ही विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात भुईआवळा घ्या, आणखी कसला पाला घ्या, बरं वाटणारच, आणि श्रेय पाल्याला जाणार. अशी एक-दोन माणसं गावात बरी झाली की औषध देणाऱ्याचं नाव होतं.

आता पावसाळ्यातलं दुसरं चित्र. लावणीला शेतात उतरलेला, खाजनात बांध घालणारा किंवा कुळागरात अनवाणी पाट साफ करणारा माणूस. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगेतून लेप्टोस्पायरा हा जिवाणू आत शिरतो. काही दिवसांनी सडकून ताप, डोकं आणि पोटऱ्या दुखणं, डोळे लाल. आणखी थोड्या दिवसांनी तेच डोळे पिवळे. घरचे म्हणतात कावीळ, आणि पाला सुरू होतो. या माणसाची मूत्रपिंडं तोवर बंद पडायला लागलेली असू शकतात. त्याला वेळेत मिळालं पाहिजे डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन. दोन्हींचा उगम निसर्गातलाच; तो वाद इथे नाहीच. इथे प्रश्न दिवसांचा आहे.

तेव्हा पावसाळ्यात ताप आणि पिवळे डोळे एकत्र दिसले, लघवी कमी झाली, धाप लागली, तर थेट आरोग्य केंद्र किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. शेतात काम केलंय हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. रक्त तपासल्याशिवाय कुठली कावीळ हे नुसत्या नजरेने कळत नाही, वैद्यालाही नाही आणि मलाही नाही.

लघवीला जळजळ होते, वारंवार होते. काही घरगुती?

क्रॅनबेरीवर बराच अभ्यास झाला आहे. ज्या बायकांना हा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो त्यांच्यात तो होण्याचं प्रमाण क्रॅनबेरीने कमी होतं, असं २०२३ चा कॉक्रेन आढावा सांगतो. पण ते प्रतिबंधाचं काम, झालेला संसर्ग त्याने जात नाही. गरोदर बायकांत हा फायदा दिसलेला नाही. गरोदरपणी जळजळ, किंवा जळजळीसोबत थंडीताप आणि कुशीत दुखणं असेल तर घरी वेळ काढू नये. भिरंड आंबट आहे म्हणून क्रॅनबेरीचं काम करेल असं एकीने मला पटवायचा प्रयत्न केला होता. क्रॅनबेरीचा गुण आंबटपणात नाही, त्यातल्या एका खास प्रकारच्या टॅनिनमध्ये मानला जातो.

अँटिबायोटिक चालू असताना कसाय घेतला तर?

साधा आलं-धणे-जिऱ्याचा कसाय बहुधा चालतो. लक्ष ठेवायचं ते दुधावर. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि औषध कमी शोषलं जातं. म्हणजे प्रेमाने दिलेल्या हळदीच्या दुधाबरोबर गोळी घेतली तर गोळीचा काही भाग वायाच. दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा आणि फार्मासिस्टला विचारून घ्या. लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर लसणीच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

मिऱ्यांचं वेगळंच. पायपरिन औषधाचं शोषण वाढवतं. हाच गुण पकडून जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेच्या संशोधनातून २००९ मध्ये क्षयाची एक गोळी आली: रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपरिन. स्वयंपाकघरातल्या पदार्थाने जंतुसंसर्गाच्या औषधाला हात कसा द्यावा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यांनी मोजून केलं. क्षयाच्या गोळ्यांवर मिऱ्यांचा काढा आपल्या मनाने पिणं ही वेगळी गोष्ट.

नैसर्गिक औषधाला साइड इफेक्ट नसतात ना?

असतात. कोविडच्या काळात गुळवेल घराघरांत प्यायली गेली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या रुग्णांत यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वाचण्यासारखा आहे. माझं म्हणणं एवढंच: ज्या पदार्थात शरीरावर परिणाम करायची ताकद आहे त्यात अपाय करायचीही असणार. ज्याला अजिबात साइड इफेक्ट नाही त्याला बहुधा इफेक्टही नसतो.

जंतू अँटिबायोटिकला सरावतात, पण नैसर्गिक पदार्थाला नाही, बरोबर?

चूक. पेनिसिलिन पूर्ण नैसर्गिक, तरी ते मोडणारं एन्झाइम जिवाणूत १९४० मध्येच सापडलं होतं, म्हणजे औषध सर्वत्र मिळायच्याही आधी. कॅनडातल्या तीस हजार वर्षं गोठलेल्या मातीतही प्रतिकाराची जनुकं सापडली आहेत. ही कुस्ती माणसाच्या आधीपासून चालू आहे. आपण फक्त गरज नसताना, सर्दीवरसुद्धा गोळ्या खाऊन जंतूंना तालीम दिली. त्याचा हिशोब: २०१९ मध्ये जगात अंदाजे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले.

मग नवीन औषधं शोधतंय कोण? आणि गोव्यात काही चाललंय का?

मातीतले बहुतेक जिवाणू आमच्या ताटलीत वाढतच नाहीत, ही मोठी अडचण. अमेरिकेत काही जणांनी जिवाणूंना मातीतच ठेवून वाढवायची युक्ती काढली आणि २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन हे नवं अँटिबायोटिक हाती लागलं. २०१६ मध्ये माणसाच्या नाकातल्या जिवाणूपासून लुगडुनिन मिळालं. ही दोन्ही अजून रुग्णापर्यंत पोहोचलेली नाहीत. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लेफाम्युलिन मात्र अळंबीच्या जातीतल्या बुरशीच्या पदार्थावरून बनलं आहे आणि न्यूमोनियावर वापरलं जातं.

आपल्याकडे दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे आणि समुद्री जीवांतली उपयुक्त रसायनं शोधणं हा तिथल्या कामाचा एक भाग. गोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी रायबंदरच्या मिठागरातून मीठ सोसणारे ॲक्टिनोमायसीट शोधून त्यांच्यात जिवाणूरोधक पदार्थ आहेत का ते तपासलं. स्ट्रेप्टोमायसिन देणाऱ्या घराण्यातलेच हे जीव. उन्हाळ्यात कोरडं खारं, पावसात गोडं पाणी, असल्या जागी टिकणारा जीव वेगळी रसायनं बनवत असेल हा त्यामागचा तर्क. मिठागरं एकेक करून बुजतायत, त्याबरोबर काय बुजतंय याची यादी कोणाकडे नाही.

पैशाचं गणितही वाईट आहे. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक आठवडाभर. प्लाझोमायसिन हे औषध २०१८ मध्ये मंजूर झालं आणि ते बनवणारी अमेरिकन कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

आमच्या गावात एका वयस्क बाईंना गळवावरचा एक पाला माहीत आहे. ते ज्ञान कुठे द्यावं?

द्याच, कारण असं ज्ञान एका पिढीत संपतं. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं आणि १५६३ मध्ये ते गोव्यातच छापलं. तेही या पानासारखं सवाल-जबाबाच्या रूपात. पणजीच्या चर्चसमोरची बाग त्याच्याच नावाची. पण ज्या स्थानिक वैद्यांकडून त्याला माहिती मिळाली, त्यांच्या नावाची बाग कुठे दिसत नाही.

आता २००२ चा जैवविविधता कायदा आहे. त्यानुसार पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांच्या माहितीची नोंदवही ठेवली जाते. उद्या कोणी त्यावरून औषध काढलं तर गावाला वाटा मागता येतो. म्हणून कंपनीच्या माणसाला किंवा व्हॉट्सॲप गटाला सांगायच्या आधी समितीकडे जा. शास्त्रीय बाजूने विचारायचं असेल तर शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय, धारगळची आयुर्वेद संस्था किंवा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे.

जाताना नुसतं स्थानिक नाव नेऊ नका, एकाच नावाच्या तीन वनस्पती निघतात. फूल किंवा फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, सोबत ताजा फोटो काढा. कोणता भाग घेतात, कोवळा की जून, कुठल्या महिन्यात, ठेचून की उकळून, किती वेळ बांधतात, आणि कोणाला देत नाहीत, हे सगळं बाईंच्याच शब्दांत लिहून घ्या. शेवटचा प्रश्न विसरू नका. जुन्या जाणत्यांना औषध कोणाला द्यायचं नाही हे पक्कं माहीत असतं आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.